पार्टिशनमधून ओढलेली केबल

ओडालिस,

तुझा कॉम्प्युटर सुरू करून बघू नकोस. तो गेला. माझाही गेला.

तुझी फ्लॉपी चालत नव्हती, म्हणून आपल्या योएलची पत्रं माझ्या मशीनवर उतरवून घ्यायला मी प्रिंटरच्या जागी लागणारी केबल घरीच बनवली. दोन्ही टोकांना पंचवीस पिना, तारा उलटसुलट जोडलेल्या, एकेक तार दोनदा तपासली. पार्टिशनला भोक पाडून ती तुझ्या खोलीत ओढली. जोडली मात्र, ठिणगी उडाली आणि दोन्हीकडून धूर! तुझी हार्डडिस्क आता फिरतच नाही.

केबल बरोबर होती गं. घटस्फोटानंतर घर अर्धं अर्धं केलं, तेव्हा हट्टाने वेगळं मीटर मीच घेतलं, पलीकडच्या खांबावरून. दोन लाइनींचं अर्थिंग जुळत नाही, मधे तार जोडली की तिच्यातून करंट धावतो, हे चाळीस वर्षं वायरिंग केलेल्या माणसाला आठवू नये?

काळ्या घेवड्याची उसळ झाकून ठेवली आहे, खाऊन घे. मी मातान्सासला बहिणीकडे जातोय. तुला तोंड दाखवायची हिंमत नाही.

तराफ्यावरून देश सोडून निघायच्या आदल्या दिवशी योएलने लिहिलेलं पत्र तू रोज मोठ्याने वाचायचीस. मी फळीला कान लावून ऐकायचो. ‘आई, बाबांना एवढंच सांग की...’ इथे दरवेळी तुझा आवाज बसायचा. पुढचं मला कधी ऐकूच आलं नाही.

रेनेरिओ