मार्सेयचा नवा हिरो

४ मार्च १९३५, मार्सेय
एजंट कॅबासोलचा फोन. पॅरिसच्या स्टुडिओला माझा आवाज हवाय. म्हणजे हिरो मीच. इतकी वर्षं बंदरावरच्या थिएटरात गायलो, आता कुठे सिनेमावाल्यांना अक्कल आली. बायको झेलीने विचारलं, हिरोचं काम आहे असं म्हणाले का ते? बायकांना चौकशा फार. आजपासून ब्रेड बंद. पोट आत गेलं पाहिजे.
संध्याकाळी: उपाशीपोटी सूर लागत नाही. ब्रेड खाल्ला.

११ मार्च, पॅरिस
दिग्दर्शक लकोंत माझ्याकडे न बघताच म्हणाला, आधी गाणी रेकॉर्ड करू. बरोबर आहे. चेहरा शेवटी राखून ठेवायचा असणार.

१३ मार्च
गाणी झाली. माइकवाल्याने डोळे पुसले. रेमोंद नावाचा एक देखणा पोरगा समोर बसून माझ्या ओठांकडे टक लावून बघत होता. शिकू दे बिचाऱ्याला. श्वास कुठे घ्यायचा तेही दाखवलं. मेकअपला कधी बसू, विचारलं. लकोंत म्हणाला, काका, तुम्ही आता घरी जा. शूटिंगच्या तारखा जुळत नसतील.

२ एप्रिल, मार्सेय
बोलावणं नाही. घरभर येरझाऱ्या. झेली म्हणते, फरशी झिजेल, बाहेर जा. बाहेर गेलो तर खालची मासेवाली ओनोरीन विचारते, इतक्यात परत कसे आलात? म्हटलं, क्लोज-अप बाकी आहेत.
कॅबासोलला फोन केला. जेवतोय म्हणे. चार वाजता पुन्हा केला. अजून जेवतोय.

२० सप्टेंबर
सिनेमा लागला. क्लोज-अप राहूनच गेले. झेली आणि ओनोरीनला घेऊन गेलो. पडद्यावर रेमोंद. त्याने तोंड उघडलं आणि माझा आवाज बाहेर आला. श्वासही मी दाखवला तिथेच घेतला त्याने. अख्खं थिएटर रडलं. मीही. ओनोरीन हुंदके देत म्हणाली, आन्सेल्मभाऊ, गाणं याला म्हणतात. झेलीने माझा हात घट्ट धरला, शेवटपर्यंत सोडला नाही. घरी आल्यावर म्हणाली, सांगू का ओनोरीनला? म्हटलं, नको. पुढच्या सिनेमात दिसेनच.

२१ सप्टेंबर
सकाळी दाढी करताना तेच गाणं म्हटलं, मुद्दाम खिडकी उघडी ठेवून. न सांगताच गल्लीला कळेल. पूर्ण आवाज लावला.
खालून ओनोरीन म्हणाली, भाऊ, या वयात रेमोंदची नक्कल करू नका, घसा बसेल.
झेलीने येऊन खिडकी लावून घेतली.