दर पंधरा मिनिटांनी

सोमवार, ४ जानेवारी

आले, रुजू झाले आणि आवडलंसुद्धा. वयाच्या एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्या नावाची पाटी दारावर लागली : लिडिया हुडॉक, संगणक विभाग, वेल्डन हायस्कूल. आमच्या कोळशाच्या खाणींच्या गावात माणसाच्या नावाची पाटी एकदम थडग्यावरच लागते, असं बाबा म्हणायचे. त्यांना लगेच फोटो काढून पाठवला.

खोली मिळालीय ती ड्रायक्लीनरच्या दुकानाच्या वर. खाली दिवसभर इस्त्रीची वाफ, त्यामुळे वर फुकटात ऊब. शाळा चालत सात मिनिटांवर.

विभागात आम्ही तिघंच. मार्विन हा साहेब; टाय नेहमी खांद्यावर टाकलेला, म्हणजे कॉफीत बुडत नाही. आणि पर्ल, इथे तीस वर्षं घालवलेली, निवृत्तीला दीड वर्ष उरलेली, हातात कायम विणकाम. तिने कागदी पिशवीतून गरम प्रेट्झेल, म्हणजे पीळ दिलेला खारा पाव, काढलं, मला न विचारता त्यावर मोहरीचा सॉस पिळला आणि म्हणाली, खा गं, नुसती काटकुळी झालीयस, तिकडे डोंगरात तुम्हाला कुणी जेवायला घालत नाही की काय.

काम सोपं आहे. नववी ते बारावीच्या प्रत्येक मुलाला शाळेचा लॅपटॉप मिळतो, घरी न्यायला. असे तेवीसशे. मोडला, हरवला, त्यावर काही सांडलं, की पोरं आमच्या खिडकीशी हजर. आज एकाच्या कीबोर्डातून मी चेरीचं सरबत निथळवलं. कुत्र्याने सांडलं म्हणाला. कुत्र्याचं नाव काय विचारलं, तर आठवेना.

गुरुवार, ७ जानेवारी

आज पर्लने मला मत्स्यालय दाखवलं. म्हणजे कोपऱ्यातला एक जुना संगणक. नाव तिनेच ठेवलेलं. लॅपटॉप हरवल्याची तक्रार आली की मार्विनची मेल येते, अमुक नंबर सुरू करा. आपण त्या नंबरापुढे एक खूण करायची. मग तो लॅपटॉप कुठेही उघडला गेला, की दर पंधरा मिनिटांनी आपल्याच कॅमेऱ्यातून समोरचं चित्र काढतो आणि गुपचूप इथे पाठवतो. कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा क्षणभर लागतो, तेवढाच पुरावा. गेल्या वर्षी दोन चोर सापडले म्हणे.

पालकांना हे ठाऊक आहे का, असं मी विचारलं. पर्लने टाके मोजता मोजता विचारलं की कुणाच्या, चोरांच्या पालकांना?

मार्विनने एका कागदावर सही घेतली. इथे दिसलेलं इथेच राहील, असा त्याचा अर्थ. मी केली. युक्ती नामी आहे, हे मान्य करायला हवं.

बुधवार, १३ जानेवारी

दहावीतला एमेट राउश खिडकीशी आला. पंधरा वर्षांचा, उंच, स्वेटरच्या बाह्या अंगठ्यापर्यंत ओढलेल्या. त्याचा लॅपटॉप कालपासून सापडत नव्हता. त्याने तीन वेळा विचारलं की हरवल्याचं पत्र घरी जाणार का. आईच्या नावाने आलं तर चालेल, पण घरी आधी डेल पत्रं उघडतो. डेल कोण, विचारलं. आईचा मित्र, आमच्याकडे राहतो, एवढंच म्हणाला. मी सांगितलं की तूर्त पत्रबित्र नाही. तो एवढा खूश झाला की आभार मानून पुन्हा परत आला आणि परत आभार मानले.

मार्विनची मेल आली. ११४७ सुरू करा. मी खूण केली. माझी पहिली खूण.

शुक्रवार, १५ जानेवारी

लॅपटॉप सापडला! वाद्यांच्या खोलीत ट्यूबाच्या, त्या भल्यामोठ्या पितळी वाद्याच्या पेटीमागे पडला होता. एमेट स्वतः सांगायला आला. म्हणाला, मिस, मी ट्यूबा वाजवतो आणि सगळं त्याच्यामागेच हरवतो, मीसुद्धा.

पर्लला विचारलं, आता ११४७ बंद करू ना. ती म्हणाली, सुरू करायला मेल लागते तशी बंद करायलाही लागते, आणि ती मार्विनने पाठवायची. त्याला आठवण करू का? त्यावर ती हसली. पोरी, नव्याचे नऊ दिवस, साहेबाला काम शिकवायला जाऊ नकोस. सुरू करायच्या मेल येतात. बंद करायची तिने अजून एकही पाहिलेली नाही.

पिवळ्या चिठ्ठीवर ‘११४७ बंद’ लिहून माझ्या पडद्याला चिकटवली. सोमवारी बघू.

गुरुवार, २१ जानेवारी

मत्स्यालयात चोराच्या जागी एमेट येतो. एमेट धान्याच्या कुरकुरीत पोह्यांचा वाडगा घेऊन. एमेट गणित सोडवताना, जीभ बाहेर. एमेटच्या खोलीचं छत, दोन तास. पहिल्या दिवशी मी चटकन नजर वळवली, कुणाच्या न्हाणीघराचं दार चुकून उघडावं तशी. आज लक्षात आलं की समोर चित्रं सरकतायत आणि मी सूप पितेय.

सवय होते. कशाचीही होते.

मंगळवार, २६ जानेवारी

एमेटने विचारलं, मिस, तो हिरवा दिवा मधेच लागतो तो कसला. असं कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मार्विनने सगळ्यांकडून पाठ करून घेतलंय. मी सांगितलं, काही नाही रे, प्रोग्रामची उचकी आहे.

तो म्हणाला, म्हणजे तिकडे कुणी नसतं?

कुणी नसतं, मी म्हणाले. त्याचा चेहरा पडला. मुलांना भुताखेतांची हौस असते, असं मला वाटलं.

शुक्रवार, २९ जानेवारी

दुपारी ३:४५ चं चित्र : एमेट टेबलाशी. ४:०० चं : एमेट टेबलाशी, मागे दारात एक माणूस, हातात काही नाही. ४:१५ चं : टेबलाशी कुणी नाही. खुर्ची आडवी. दिव्याची टोपी पलंगावर. ४:३० चं : एमेट टेबलाशी, खुर्ची सरळ, दिव्याला टोपी, आणि तो डावा हात उजव्या हातात धरून बसलाय.

ही चार चित्रं आहेत. मधल्या पंधरा मिनिटांची चित्रं कुणाकडेच नाहीत.

मी पर्लला बोलावलं. तिने बघितलं. सुया खाली ठेवल्या. असं मी तिला कधी करताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, हे तू कुठे पाहिलंस असं कुणी विचारलं तर काय सांगशील गं? आधी ते ठरव, मग तोंड उघड.

सोमवार, १ फेब्रुवारी

हवामानवाले बर्फ बर्फ करतायत. वेल्डनची सगळी पोरं येडी झालीयत. सुट्टी पडावी म्हणून झोपताना पायजमा उलटा घालायचा आणि उशीखाली चमचा ठेवायचा. आमच्या गावातही असंच होतं. खिडकीशी एमेट होता, त्याला मी गमतीने विचारलं, काय रे, उलटा घातलास ना?

तो म्हणाला, नाही मिस, मी सुलटा घालतो. आणि चमचे स्वयंपाकघरात मोजून ठेवतो.

मी हसले. लिहून ठेवते : मी हसले.

मंगळवार, २ फेब्रुवारी

मार्विनकडे गेले. त्याने दार लावून घेतलं. तो वाईट माणूस नाही, हे लिहायला हवं. तो घामाघूम झाला. म्हणाला की लॅपटॉप पंधरालाच सापडलाय, तर एकोणतीसचं चित्र आपल्याकडे आलंच कसं, हे वकील पहिल्यांदा विचारतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग मी बंद करू का, विचारलं. मेल पाठवतो म्हणाला. वरच्यांशी बोलून. आणि शाळेच्या समुपदेशक बाईंना वेगळ्या वाटेने सुचवतो.

मेल आली नाही. खरं सांगायचं तर मी वाटही पाहिली नाही. बंद केलं तर त्या पोराकडे कोण बघणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

समुपदेशक बाईंनी त्याला बोलावलं. तू थकलेला दिसतोस, घरी सगळं ठीक ना, असं विचारलं. ठीक आहे म्हणाला. त्यांनी वहीत ठीक लिहिलं.

मग तो आमच्या खिडकीशी आला. बाह्या अंगठ्यापर्यंत. विचारलं की मिस, समजा एखाद्याने काहीच सांगितलं नाही, पण दुसऱ्या कुणाला ते आपोआप दिसलं, तर ती चुगली होत नाही ना? सांगणं वेगळं आणि दिसणं वेगळं, हो ना?

वेगळं, मी म्हणाले.

मग त्याने पुन्हा विचारलं, त्या दिव्यामागे नक्की कुणी नसतं का.

पर्ल मागे बसली होती. मार्विनचं दार उघडं होतं. मी म्हणाले, नक्की कुणी नसतं, एमेट.

त्याने मान हलवली. काउंटरवरून त्याचे हात खाली गेले. आता कळतं की तो घाबरून विचारत नव्हता. त्याला कुणीतरी असायला हवं होतं.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

मोठं वादळ येतंय. शाळा दुपारीच सोडली. दुकानात पाव, दूध, अंडी संपली.

एमेट शेवटपर्यंत घुटमळला. वाचनालयात काही काम आहे का विचारलं. आई नर्स आहे. बर्फ पडलं की त्यांना इस्पितळातच ठेवून घेतात, कॉरिडॉरमध्ये खाटा टाकून. उद्या रात्रीपर्यंत येणार नाही. घरी तो आणि डेल.

मी म्हणाले, बर्फ वाढायच्या आत घरी जा.

मीच म्हणाले.

कामाचा लॅपटॉप खोलीवर आणलाय. मत्स्यालय त्यावरही दिसतं.

बुधवार, १० फेब्रुवारी

शाळा बंद. खिडकीबाहेर सगळं पांढरं. खाली इस्त्री बंद, म्हणून थंडी. कागदी वही, पेन, चहा. टेबलावर फोन.

१०:१५. पलंगावर एमेट. पायजमा सुलटा.

१०:३०. लॅपटॉप हलवलाय. वर फळीवर ठेवलाय, खोलीकडे तोंड करून. आता दार पूर्ण दिसतं. त्यानेच ठेवला. मला दिसावं म्हणून. तो कॅमेऱ्यात बघतोय आणि एक हात वर केलाय, हजेरीला करतात तसा.

मी सांगितलं होतं कुणी नाही. तरी —

मीही हात वर केला. इथे, माझ्या खोलीत.

१०:४५. दार उघडं. डेल आत. एमेटचे दोन्ही हात डोक्यावर.

फोन घेतला. पोलिसांचा नंबर, नऊ-एक-एक. नऊ. एक. पहिला प्रश्न येणार, बाई, तुम्ही कुठून बघताय. सांगायचं काय? मी पंधरा जानेवारीपासून —

शेवटचा एक दाबला नाही. भीती वाटत नाहीये. काहीच वाटत नाहीये. चहा गार झाला हे कळतं.

११:००. कुणी नाही. खुर्ची आडवी. दार बंद.

११:१५. दार बंद. पलंग आणि भिंत यांच्या फटीत एक पांढरा मोजा. मोज्यात पाय आहे.

हलतो का कळत नाही. चित्रं हलत नाहीत.

११:२०. मार्विनची मेल. ‘११४७ ताबडतोब बंद करा. आधीचं सगळं पुसा. आपण काही पाहिलेलं नाही.’

आली. सव्वीस दिवसांनी.

आणखी एकच चित्र बघते. पायाची जागा बदललेली असली तर तो बरा आहे. बरा असला तर फोन करायला नको. मग बंद करते. मग कुणाला काही सांगावं लागणार —

११:२८.

११:२९. खिडकीबाहेर हलतंय ते फक्त बर्फ —

११:३०. चित्र पडद्यावर उतरतंय. वरून खाली, पट्टी पट्टीने. छत. दाराची वरची चौकट. दार उघडं. दारात कुणी नाही. भिंत. आडव्या खुर्चीचा पाय. पलंगाची कड. आता —