दाजीची ट्रंक पडवीत न काढण्याबाबत

मी, श्रीमती गोदावरी भिकाजी घाग, वय वर्षे शहात्तर, धंदा खोल्या भाड्याने देणे, राहणार सावर्डे, तालुका चिपळूण, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. धंद्याच्या जागी वकिलांनी आधी 'घरकाम' लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. माझं डोकं ठिकाणावर आहे, ब्लडप्रेशर आहे पण ते गोळीला ऐकतं, आणि माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्माला यायचाय. वकील ऋत्विक हे माझ्या मैत्रिणीचे नातू. ते म्हणतात, "आजी, हे एवढं सगळं मृत्युपत्रात लागत नाही." लागतं. मी सांगते तसं लिहा.

हे करण्याचं कारण एवढंच की माझ्यामागे माझ्या खोल्या विकल्या जाऊ नयेत, आणि पहिल्या खोलीतल्या दाजीला तिथून कोणी उठवू नये. बाकीची वाटणी आपली ओघाने आली.

कलम १. मिळकतीबाबत. बाजाराच्या मागे माझं राहतं घर आणि त्याला लागून चिऱ्याच्या तीन खोल्या आहेत. जागा माझे यजमान कै. भिकाजी यांनी बोटीवर नोकरीला असताना माझ्या नावे घेतली. सातबारा आणि घरपट्टीची पावती सोबत जोडली आहे. खोल्या मात्र मी बांधल्या. हे वर्षाचे आठ-नऊ महिने समुद्रावर, गौरव शाळेत, आणि मी घरात बसून भिंती बघायची. हायवेला कामं निघाली, कॉलेजं आली, जो तो "कुठे खोली मिळेल का हो?" विचारत दारात यायला लागला. म्हटलं, आपणच का देऊ नये? भाड्याच्या धंद्यातलं तेव्हा मला ओ की ठो कळत नव्हतं. यांना फोनवर सांगितलं तर हे म्हणाले, "तू आणि घरमालकीण? भाडेकरूला जेवायला घालून भाडं मागायचं विसरशील." तसं काही झालं नाही. जेवायला घातलं, आणि भाडंही घेतलं.

कलम २. राहतं घर, बँकेतली ठेव आणि घरामागची काजूची झाडं माझा मुलगा चि. गौरव याला. गौरव, बाबा, रागावू नकोस. तू गुणी आहेस, दर रविवारी न चुकता फोन करतोस, माझ्या गोळ्या कुरियरने पाठवतोस. पण गेल्या गणपतीत तू दुकानांचे गाळे बांधणाऱ्या त्या बिल्डरला घेऊन आलास आणि तो माणूस माझ्या खोल्यांच्या भिंतींवर टिचक्या मारून बघत होता, ते माझ्या मनातून जात नाही. "आई, एकदा विकून मोकळी हो," असं तू म्हणालास. मला मोकळं व्हायचं नाहीये. म्हणून खोल्या तुला देत नाही.

कलम ३. तिन्ही खोल्या, त्यांचं भाडं, त्यांची गळती आणि त्यांची कटकट यांसह, माझी सून सौ. तेजस्वी गौरव घाग हिला, तिच्या एकटीच्या नावे. लग्न होऊन आल्यापासून त्या पोरीच्या नावावर गॅसचा सिलिंडरसुद्धा नाही. मे महिन्यात माझ्याबरोबर आमसुलं उन्हात पसरता पसरता ती म्हणाली, "आई, मला पण असं काहीतरी स्वतःचं करायचंय. सुरुवात कुठून करायची असते?" मी म्हटलं, "दोन नंबरच्या मोरीची जाळी तुंबलीय, तिथून कर." तिने पदर खोचला आणि हात घातला. माझं तेव्हाच ठरलं.

तेव्हा तेजस्वी, हे नीट वाच. खोलीपुढे पडवी हवीच. पैसे वाचवायला मी पहिल्या खोलीला पडवी काढली नव्हती, तर आषाढात भाडेकरूचे ओले कपडे माझ्या स्वयंपाकघरात वाळायला आले. करार रजिस्टर कर, पोलिसांत माहिती दे. डिपॉझिट वेगळं ठेव आणि त्याला हात लावू नकोस, ते आपलं नसतं. पन्हळ पावसाच्या आधी साफ करून घे, मागाहून कोणी मिळत नाही. भाडं मागायला दारात उभी राहू नकोस, पंप सुरू करताना "पाणी सोडलंय हो!" अशी हाक मार, ज्याचं राहिलं असेल तो आपणहून बाहेर येतो. आणि नवरा-बायकोच्या भांडणात पडू नकोस. मी एकदा पडले. दोघं एक झाली आणि माझ्यावरच उलटली.

कलम ४. श्री. दाजी पालशेतकर यांच्याबाबत. दाजी हेदवीकडचा, सुक्या मासळीचा व्यापारी, माझा पहिला भाडेकरू. सुकट-बोंबलाच्या वासामुळे त्याला बाजारात कोणी जागा देईना. मी दर्यावर्दी माणसाची बायको, मला कसला वास? मी होकार दिला. तर माझे दीर बाळाभावजी काठी आपटत आले. "वैनी, आज भाडेकरू, उद्या कूळ, परवा मालक! आपल्या भातखाचराचं काय झालं, इसरलात?" सासऱ्यांचं खाचर कसायला दिलेलं होतं, कायदा आला, ते कसणाऱ्याचं झालं. ज्याचं त्याला मिळालं. पण घाग मंडळींच्या पोटात तेव्हापासून जी भीती बसली ती बसलीच.

मग भावजींनी तोडगा काढला. करार अकरा महिन्यांचा करायचा आणि तो संपला की भाडेकरूने ट्रंक घेऊन खोलीबाहेर पडायचं, खोलीला मालकाचं कुलूप लावायचं, दुसऱ्या दिवशी नवीन करार करून परत घ्यायचं. म्हणजे ताबा सलग राहत नाही आणि कूळ लागत नाही. वकील आत्ता हसतायत. हसा. राहत्या खोलीला कूळ लागत नाही हे मला आता ठाऊक आहे, पण तेव्हा सांगायला कोण होतं? दाजी डोक्याला हात लावून म्हणाला, "वैनी, मी काय कूळ लागनार? माजा नांगर नाय, बैल नाय, येक टोपली हाय!" पण भावजींचा मान ठेवून त्याने ट्रंक उचलली. आता खोली बंद, माणूस रात्री जाणार कुठे? मी म्हटलं, "आमच्या पडवीत झोप."

तेव्हापासून हे चालूच आहे. करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे ट्रंकेचा दिवस दर वर्षी महिनाभर अलीकडे सरकतो. एकदा तो गणपतीत आला, दाजीने आमच्या पंगतीला बसून मोदक खाल्ले. एकदा शिमग्यात आला, पालखी दारात आणि पालखीपुढे दाजीची ट्रंक! गुरवाने विचारलं, "पाव्हणे कुठचे?" मी म्हटलं, "घरचेच आहेत." खोटं बोलले नाही.

आणि एकदा तो अशा दिवशी आला की दुपारी जेवून उठताना यांच्या छातीत कळ आली. हे तेव्हा निवृत्त होऊन घरी होते. गौरव मुंबईत, भावजी शेतावर. घरात पुरुषमाणूस एकच, पडवीत ट्रंकेला टेकून बसलेला. दाजीने मासळीच्या टेम्पोत यांना घातलं आणि दवाखान्यात नेलं. हे वाचले नाहीत. पण शेवटी यांचा हात कोणाच्या तरी हातात होता, आणि तो दाजीचा होता. तेराव्यापर्यंत दाजी पडवीतच राहिला, आलागेला बघत, पाणी भरत. करार करायचा राहिला, कुलूप तसंच राहिलं, आणि बाळाभावजींनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मला सख्खा भाऊ नाही. असता तर याहून जास्त काय करणार होता?

सबब असं ठरवते की पहिली खोली दाजीच्या हयातीपर्यंत त्याची राहील. मालकी तेजस्वीची, पण त्याला उठवण्याचा हक्क कोणालाही नाही, तिलाही नाही. आज देतो तेच भाडं तो देईल. माफ करू नका, तो रुसेल. करार कागदावर होत राहील, पण ट्रंक बाहेर काढायची नाही. दाजीची कंबर धरलीय, हल्ली तो ती उचलत नाही, ओढत आणतो.

कलम ५. खोलीला लावायचं पितळी कुलूप, किल्लीसह, माझे दीर श्री. बाळा घाग यांना. भावजी, तुमचं तुम्हाला परत. तुमच्यामुळे मला भाऊ मिळाला हे माझ्या हयातीत मी तोंडाने कबूल करणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

कलम ६. शेवटचं. आज साक्षीदार म्हणून मी दाजीलाच आणलं होतं. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतंय त्याने साक्षीदार होऊ नये. दाजी माझ्याकडे बघतच राहिला. "वैनी, मला काय ठेवलंस? मला काय नको. तू हायस तोवर मी हाय." आणि बाहेर जाऊन बसला. तो अजून तिथेच आहे, डोळे पुसतोय आणि धूळ गेली म्हणतोय. मूर्ख कुठला. या महिनाअखेरीला त्याचा करार संपतोय आणि त्याने ट्रंक आत्तापासूनच आवरून ठेवली आहे.

म्हणून सर्वांना बजावते. मी जाईन त्या दिवशी दाजी सवयीने पडवीत येऊन बसेल. त्याला हाताला धरून त्याच्या खोलीत न्या, चहा द्या आणि सांगा की वैनीने सांगितलंय, तू इथेच राहायचंस. त्या दिवशी पडवी मला लागेल.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, ते माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, आणि साक्षीदारांसमोर मी सही केली आहे.

स्थळ : सावर्डे
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४

सही : गोदावरी भिकाजी घाग

साक्षीदार :
१. अक्षया रमेश भुवड, नर्स, भाडेकरू, खोली नंबर तीन
२. दादू सखाराम पाष्टे, किराणा दुकानदार, सावर्डे बाजार