गेमिंग पीसी, दसऱ्याच्या मुहूर्तावर

२४ ऑगस्ट, रविवार
सौमित्रला नोकरीवर हजर व्हायची तारीख आली. सहा ऑक्टोबर, हैदराबाद. जायच्या आधी आपण दोघं एकदा तरी एकत्र फुटबॉलचा गेम खेळू, असं चिरंजीव स्वतःहून म्हणाले. दहावीत त्याचं गेम खेळणं मीच बंद केलं होतं, त्यामुळे फार बरं वाटलं. तो म्हणाला, कन्सोल आणू, टीव्हीला जोडला की झालं. मी हसलो. कन्सोल म्हणजे बंद डबा. पार्ट आणून घरी पीसी जोडू, दहा वर्षं अपग्रेड करता येतो. त्याच्या आईने, देवयानीने विचारलं, तो दहा वर्षं घरी असणार आहे का? हिला हार्डवेअर कळत नाही.

३१ ऑगस्ट
सदतीस व्हिडिओ पाहून झाले. पुढेमागे म्हणे पार्ट बदलता येणारे कन्सोलही येणार. म्हणजे आज कन्सोल घेणारा मूर्खच. सौमित्र खेळायला मानपाड्याला गेला, मित्राकडे. दिपेशकडे कन्सोल आहे. दया आली.

६ सप्टेंबर
सगळे पार्ट आले! ग्राफिक्स कार्डचा नुसता खोका बघूनही समाधान वाटतं. देवयानी म्हणाली, आजच लावून बघा, बदलून मिळायला दहाच दिवस आहेत. आज विसर्जनाची दमणूक, आणि मग पितृपक्ष. मी काही मानत नाही, पण एवढी महागाची वस्तू पक्षात कशाला सुरू करा? दसऱ्याला पूजा करून सुरू करू. घाई नाही.

१४ सप्टेंबर
सौमित्र पुन्हा मानपाड्याला. दिपेशचे वडील नाथाभाऊ स्वतः खेळतात म्हणे. त्यांचाच फोन आला, "तू पन ये ना खेलाला. डोका कशाला लावतंस?" मी त्यांना फ्रेम रेट समजावून सांगितला. फोन मध्येच कट झाला. नेटवर्क.

२३ सप्टेंबर
जोडणी सुरू. प्रोसेसर मदरबोर्डात बसेना. दोघे वेगवेगळ्या पिढीचे निघाले. दुसरा मदरबोर्ड मागवला. ही चूक नाही, अपग्रेड आहे. कन्सोलमध्ये करून दाखवा असं.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी १०.४०
कॅबिनेटला हळदकुंकू, झेंडूचा हार. बटण सौमित्रने दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी.

दुपारी ३
पंख्यातल्या पाकळ्या काढल्या. काळीच. ग्राफिक्स कार्ड मुळातच खराब आलंय. कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, बदलून द्यायची मुदत सोळा सप्टेंबरला संपली. तिला पितृपक्ष समजावला. तिने सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला, पंधरा दिवस लागतील. सौमित्रने कॅबिनेटवरचा हार काढून ठेवला. चिडला असता तर बरं झालं असतं.

४ ऑक्टोबर, शनिवार
नौपाड्यातल्या दुकानातून दुसरं कार्ड आणलं, पहिल्यापेक्षा भारी. दुपारी चारला स्क्रीन लागली! गेम एकशे दहा जीबीचा निघाला. डाउनलोडला अठरा तास दाखवतोय. सौमित्र म्हणाला, बाबा, शेवटची संध्याकाळ आहे, आपण दोघं नाथाभाऊंकडे जाऊ या का खेळायला? मी म्हटलं, अरे, घरी एवढा पीसी असताना? तो माझ्या शेजारी बसून टक्के बघत राहिला. जेवणाच्या वेळी अठ्ठावीस.

५ ऑक्टोबर. सकाळी ७
सौमित्र गेला. रिक्षात बसताना म्हणाला, पीसी मस्त झालाय बाबा. चौऱ्याऐंशी टक्के.

सकाळी १०.१५
शंभर.

२० ऑक्टोबर
दिवाळीला सौमित्र येत नाही. ट्रेनिंगमध्ये सुट्टी नाही. आज मी एकट्यानेच गेम उघडला. चित्र इतकं स्वच्छ की गवताची पाती मोजून घ्यावीत. माझे अकरा खेळाडू उभे, चेंडू मधोमध. कुठलं बटण दाबायचं ते मला माहीत नाही. ते सौमित्र शिकवणार होता. सगळी मॅन्युअल्स काढून पाहिली. मदरबोर्डचं आहे, पॉवर सप्लायचं आहे, दोन्ही कार्डांची आहेत. खेळायचं कसं, ते एकातही दिलेलं नाही.