नऊ दिवसांची प्रार्थना

आई, तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली, आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडायची माझी सवय काही सुटलेली नाही. तू होतीस तेव्हा तुझ्याशी भांडताच यायचं नाही. समोरच्याचा आवाज चढला की तू आणखी हळू बोलायचीस, इतकं हळू की ऐकू यावं म्हणून त्यालाच गप्प बसावं लागायचं. लोक म्हणायचे, काय शांत स्वभाव आहे. मला ती जबरदस्ती वाटायची, आजही वाटते. या जूनमध्ये चर्चमधली एक तरुण बाई मला म्हणाली, "शाळा सुरू झाली की आमच्याकडं नुसती पळापळ असते. तुमच्या आईंच्या वेळापत्रकाबद्दल फार ऐकलंय, सांगा ना." मी म्हटलं, आता नाही आठवत. खोटं बोलले. मला त्यातलं मिनिट न् मिनिट आठवतं.

दौंडचं आपलं रेल्वे क्वार्टर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. शाळा उघडायच्या आदल्या रविवारी उपासनेहून आलं की तू जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून, पट्टीनं रेघा मारून वर्षाचं वेळापत्रक लिहायचीस आणि ते पिठाच्या डब्यावरच्या भिंतीला चिकटवायचीस. पाचला उठणे. सव्वापाचला प्रार्थना. त्या आठवड्याचं वचन पाठ म्हणून दाखवल्याशिवाय चहा नाही. दप्तर आदल्या संध्याकाळीच भरून दाराशी. सातला पुन्हा प्रार्थना, त्यात प्रत्येकानं एका गोष्टीचे आभार मानायचे आणि एक गोष्ट मागायची, दोन मागायच्या नाहीत. पप्पा मालगाडीवर गार्ड, कधी येतील कधी जातील याचा भरवसा नाही, आणि तू दवाखान्यात नर्स. घर चालवायला काहीतरी शिस्त लागणार, हे मला कळतं. पण तू घराचा वॉर्ड केलास. भांडं पडलं तरी आम्ही दोघी बहिणी आधी तुझ्या तोंडाकडे बघायचो.

मला फरक कळायचा, कारण मी दुसरं घर पाहिलं होतं. तुझं नर्सिंगचं शिक्षण चालू होतं म्हणून सहा वर्षांची होईपर्यंत मी शिरूरला आत्याकडे वाढले. पप्पांची ही थोरली बहीण, लग्न न केलेली, बाजारपेठेमागच्या एका खोलीत शिवणकाम करायची. भूक लागली की जेवायचं, झोप आली की कापडाच्या ढिगावर झोपायचं. ती मशिनचं पायडल मारता मारता मोठ्यानं प्रार्थना करायची, "देवा, आजच्या दिवस लाईट घालवू नको, त्या बाईचं पोलकं द्यायचंय." तू एकदा म्हणालीस, ही काय देवाशी बोलायची पद्धत. आत्या हसली. "माझं हाय बाई असंच. तुझं ऐकून झाल्यावर तो माझं ऐकतो." तू हसली नाहीस. पुढं दर मे महिन्यात पप्पा मला शिरूरला नेऊन सोडायचे. वरवंड गेलं, चौफुला गेला की मी बसमध्ये उभीच राहायचे.

माझ्या दहावीच्या वर्षी आत्याचा दमा वाढला. मार्चमध्ये बोर्डाचे पेपर सुरू झाले. दुसरा पेपर देऊन घरी आले तर पप्पा कपड्यांची पिशवी घेऊन निघालेले. माझ्याकडे न बघताच पायऱ्या उतरले. तू म्हणालीस, "ड्यूटी बदलली त्यांची." संध्याकाळी सातला मी नेहमीसारखं मागितलं, आत्याचा दमा बरा कर. तू म्हणालीस, आमेन. पप्पा दुसऱ्या दिवशी परत आले आणि पुढं रोज आमच्याबरोबर प्रार्थनेला मान खाली घालून बसायला लागले. मी रोज तेच मागत होते. तू रोज आमेन म्हणत होतीस.

भूगोलाचा शेवटचा पेपर. मी घरी येते. तू पोहे केलेत. मला बसवतेस, पेपर कसा गेला विचारतेस, मी खाऊन होईपर्यंत समोर बसतेस. ताटली विसळून ठेवतेस, हात पुसतेस आणि म्हणतेस, "तुझी आत्या प्रभूकडे गेली. नऊ दिवस झाले."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. तू म्हणालीस, "आवाज खाली कर. पप्पा झोपलेत." पप्पा झोपले नव्हते. आतल्या खोलीत खाटेवर बसून होते, मला दारातून त्यांचे पाय दिसत होते.

"मला का नाही सांगितलं?"

"तुझे पेपर होते."

"मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करत होते."

"प्रार्थना वाया जात नाही," तू म्हणालीस, आणि मला चहा ओतलास.

रविवारी पप्पांनी मला शिरूरला नेलं. मातीचा ढीग वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. खोली घरमालकानं दुसऱ्याला दिली होती, मशिन कुणी नेलं ते पप्पांनाही माहीत नव्हतं. तिथं मला रडू आलं नाही. त्याचाही राग मी तुझ्यावरच काढला.

एवढ्यावर थांबली असतीस तरी कदाचित मी कधीतरी विसरले असते. पण जूनमध्ये महिलांच्या सभेत तुला बोलायला बोलावलं. विषय होता, शाळेच्या दिवसांत घरात शांती कशी ठेवावी. मी तिसऱ्या ओळीत बसलेली. तू वेळापत्रक सांगितलंस, दप्तराचं सांगितलंस, बायका वहीत उतरवून घेत होत्या. मग साक्ष दिलीस. घरात मृत्यू झाला, पण देवानं मला बळ दिलं, मी मुलीला नऊ दिवस कळू दिलं नाही, तिची एकही प्रार्थना चुकली नाही, एकही पेपर बिघडला नाही. बायका आमेन म्हणाल्या. एकीनं डोळे पुसले.

मी उभी राहिले. म्हटलं, "मेलेल्या माणसाला बरं कर असं तू मला देवापुढं म्हणायला लावलंस. नऊ दिवस माझ्याशी खोटं बोललीस, आणि आमेन म्हणून त्याच्याशीही." तू चष्मा नीट केलास, म्हणालीस, "बस खाली, बाळ," आणि पुढच्या गीताचा नंबर सांगितलास. त्या सगळ्याजणी गायल्या. घरी आल्यावर साडेआठला ताटं वाढलीस.

मी शिरूरला कॉलेजला जायचं म्हटलं तेव्हा तू नको म्हणालीस. पप्पा तुझ्यापुढं आयुष्यात एकदाच बोलले. "जाऊ दे तिला." मी गेले, आणि नंतर पाहुण्यासारखी येत राहिले. तुझा डावा हात लुळा पडला, तेव्हा महिनाभर तुझी वेणी मी घातली. तेव्हा तरी काही बोलशील असं वाटायचं. तू फक्त औषधाची वेळ विचारायचीस. मी वेळ सांगायचे. तशीच गेलीस. तुला माफ केलं असं पाळकांना मी तुझ्या दफनाच्या दिवशी सांगितलं, कारण त्यांना पुढच्या गावी जायचं होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. पप्पा परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर पाणी भरत होते. शेजारच्या मावशी हंडा घेऊन आल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "लई वाईट झालं गं पोरी. किती जीव व्हता तुझ्यावर तुझ्या आत्याचा." मी नीट ऐकलं. काय ते कळलंही. बादली भरली होती, ती उचलून मी घरात आले. दुसऱ्या दिवशी बीजगणिताचा पेपर होता. तुला काही विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मग मला रडावं लागलं असतं. मी विचारलं नाही. संध्याकाळी सातला डोळे मिटले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, आत्याचा दमा बरा कर. त्या दिवशी, आणि पुढचे सगळे दिवस.