तवा माझ्याकडे, लाटणं तुझ्याकडे

ती. बिर्गितताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे एम्ब्रिकचा, नमस्कार. (तुला भाऊ एकच आहे हे मला माहीत आहे, पण सहा वर्षांनी पत्र येतंय, तेव्हा नाव लिहिलेलं बरं.) तुझा गुडघा कसा आहे? बर्गनच्या पावसात तो फार ठणकतो असं माझी सुन्नीवा सांगत होती. लेक माझी, पण बातम्या तुझ्या आणते. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. गाई ठीक आहेत, गवत कापून आत आलं आहे आणि माझ्या उजव्या हाताची तीन बोटं भाजली आहेत. अक्षर वाकडं दिसेल ते त्यामुळे, वयामुळे नव्हे.

बोटं भाजली कारण मी फ्लाटब्रॉ भाजायला घेतले. हो, मी! आई हिवाळ्याच्या तोंडावर करायची तशाच, कागदासारख्या पातळ, गाडीच्या चाकाएवढ्या भाकऱ्या. का, ते विचारू नकोस. सहज मनात आलं. तवा काय, अंगणातल्या चूलघरात आहेच. वाटणीत घराबरोबर तोही माझ्याकडे आला. तू फक्त खाचांचं लाटणं मागितलंस, आणि कोटाखाली धरून बसमध्ये चढलीस, ती चढलीसच. ते असो. लाटण्यावाचून माणसाचं अडत नाही, अशी माझी समजूत होती.

जवाचं आणि राय धान्याचं पीठ आणलं. उकळत्या पाण्यात भिजवायचं हे ठाऊक होतं. पण पाणी किती, हे आईने जन्मात कुणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "पीठ सांगतं." ताई, माझ्याशी पीठ एक अक्षर बोललं नाही. पहिला गोळा टेबलाला असा चिकटला की शेवटी जनावरांच्या गोठ्यातलं खुरपं आणून खरवडला. दुसरा इतका कोरडा झाला की लाटताना त्याचे तुकडे होऊन खाली पडले. लाटणं म्हणून मी कुंपणासाठी आणलेला बर्चचा दांडका तासून घेतला होता. त्याला खाचा नाहीत, त्यामुळे भाकरी फुगते, फाटते, मग एकीकडे करपते आणि दुसरीकडे कच्ची राहते. (आईच्या लाटण्याला खाचा नक्षी म्हणून नव्हत्या, हे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं.) उलटायची लांब लाकडी पट्टी मात्र इथंच होती. ती मी तव्यावर ठेवून जरा बाहेर गेलो. आता नाही.

तिसऱ्या दिवशी चूल पेटवली तर धूर वर जाईना. सहा वर्षांत धुराड्यात कावळ्यांनी केलेलं घरटं दोन दिवसांच्या आचेने सुटून खाली घसरलं होतं. पाहता पाहता चूलघर काळंकुट्ट झालं आणि मी खोकत दाराबाहेर आलो, तर समोर पलीकडच्या घरातली ओलाउगकाकू. वय एक्क्याण्णव, वॉकर ढकलत चढ चढून आलेली.

"आग लागली का रे?" ती ओरडली.

"नाही काकू, भाकऱ्या करतोय."

"मग आग परवडली," असं म्हणून ती तिथंच दगडावर बसली.

मी धुराडं झाडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. संधिवाताने तिची बोटं मुळांसारखी वळली आहेत, ती स्वतः काही करू शकत नाही. दूध काढायच्या तिवईवर बसते आणि मला बोलते. "अरे, हलक्या हाताने! लाकूड फोडतोयस का?" "कडा बघ, कडा! मधलं कुणीही लाटतं." एक भाकरी मी अभिमानाने तिच्यापुढे धरली, तर म्हणते, "गाईची जीभ आणलीस कुठून?" मी रागावून म्हटलं, काकू, आईला तरी पहिल्या दिवशी आली होती का? तर शांतपणे म्हणाली, "तुझी आई लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला काही येत नव्हतं. सासूच्या भीतीने चूलघरात बसून रडायची. मी शिकवलं तिला." हे तुला ठाऊक होतं, ताई? मला नव्हतं. मला वाटायचं, आई भाकऱ्या शिकूनच जन्माला आली.

गुरुवारी एक जमली. गोल नव्हती, एका बाजूला नकाशासारखी पसरली होती, पण आरपार उजेड दिसत होता. तव्यावरून उचलली तेव्हा तो वास आला. तू ओळखशील तो. मी पट्टीऐवजी वापरत असलेली मापाची फळी हातात धरून तसाच उभा राहिलो. काकूने कड मोडून तोंडात टाकली, बराच वेळ चघळली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तिच्याही भाकरीत कमीच असायचं." आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

त्यानंतर बऱ्याच जमल्या. या पत्रासोबत एक डबा बसने पाठवत आहे. वाटेत चुरा होईल, पण आंबट दुधात घालून खायला चुराच बरा. तब्येतीला जप.

तुझा,
एम्ब्रिक

ता. क. लाटणं तुझ्याकडे नुसतंच पडून असेल, तर चार दिवसांसाठी मिळालं तरी चालेल. अडलेलं काही नाही.

ता. क. दुसरा. सहज मनात आलं असं वर लिहिलं, ते खोटं आहे. आईने जाण्यापूर्वी शेवटची चळत भाजली होती. मला म्हणाली, "अर्धी बिर्गितला दे." मी दिली नाही. तू रागावून गेलीस तेव्हा मीही रागावलो, आणि चळत कोठीत लपवली. कोरड्या भाकऱ्या, वर्षानुवर्षं टिकतात; दर नाताळला एकटा बसून एखादी खात होतो. तुझ्या वाट्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, पण दोन वर्षांपूर्वी माझा वाटा संपला आणि मी तुझ्यातलीही घेतली. उरलेली गेल्या महिन्यात उंदरांनी संपवली. त्या दिवशी मी कोठीच्या पायरीवर बसून रडलो, आणि उठून पीठ आणायला गेलो. आईच्या हातची आता मी तुला कुठून देऊ? माझ्या हातची आहे.

ता. क. तिसरा. हे ओलाउगकाकूला वाचून दाखवलं. म्हणाली, "डबा कसला पाठवतोस, मेल्या? बहीण काय टपालाने जोडतात?" तेव्हा डबा पाठवलेला नाही. शनिवारी बर्गनहून दोन बसेस येतात, एक दुपारी, एक संध्याकाळी. थांबा आता पुलाच्या अलीकडे नेला आहे, तुला माहीत नसेल. मी दोन्हींना उभा असेन. या शनिवारी नाही जमलं, तर पुढच्या शनिवारीही.