माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाबद्दल

मी, रिव्हॉल्व्हरच्या कारखान्यात चौतीस वर्षे काम करून अंतिम तपासनीस म्हणून निवृत्त झालेला, वय एक्याऐंशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून ठेवतो. कोणाचा दाब नाही, कोणाची भीड नाही. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी काल वार, महिना आणि माझे वय विचारून खात्री करून घेतली. हात मात्र कापतो, म्हणून लेखणी माझ्या जुन्या मित्राच्या हाती आहे. तो कारखान्यात हजेरी लिहायचा, त्यामुळे सगळे त्याला 'हजेरी'च म्हणत. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात केले होते आणि त्यात माझ्या थोरलीचे, म्हणजे मुलीचे, नाव घातले नव्हते.

कलम एक. राहते घर माझा धाकटा, म्हणजे मुलगा, आणि सूनबाई यांना निम्मे निम्मे. कागदावर सूनबाईचे नाव आधी लिहावे. दोन वर्षे ती मला घास भरवते आहे आणि एकदाही तिच्या कपाळावर आठी दिसली नाही. धाकटाही चांगला आहे, पण त्याला सांगितल्याशिवाय काही सुचत नाही.

कलम दोन. बँकेतली शिल्लक थोरली आणि धाकटा यांनी सारखी वाटून घ्यावी.

कलम तीन. माझ्या सगळ्या कानशी शेजारच्या 'आरशा'ला द्याव्यात. तो पॉलिश खात्यात होता. त्याने घासलेल्या पोलादात बघून मी कित्येकदा भांग नीट केला आहे. पण कडा गोल करण्याची त्याची खोड काही गेली नाही. कडेची धार राहिली पाहिजे, भोकाच्या तोंडाशी खळगा पडता कामा नये, हे सांगून माझी जीभ झिजली. कानशी वापरताना त्याने एवढे लक्षात ठेवावे.

मेहुण्याने 'आज नेतो, उद्या आणतो' म्हणून नेलेला, लोखंड घट्ट पकडायचा व्हाइस त्याच्याकडेच असू द्यावा. त्याचा उद्या एकोणीस वर्षांत उजाडलेला नाही. मी त्याला माफ केले आहे असे लिहू नये, कारण केलेले नाही.

कलम चार. हे कलम थोरलीसाठी आहे. हजेरी म्हणतो, मृत्युपत्रात एवढे पाल्हाळ येत नाही. मी म्हटले, "येतं. तू लिही."

आमच्याकडे सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर बनत. दर वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, मगच चाप चालतो. जुनी रीत. गिऱ्हाईकाने ती वस्तू हातात घेतली की ते आधी घोडा ओढून खटके ऐकते आणि मग मुठीवरून हात फिरवते. त्या मुठीत आमची अब्रू असायची. लाकडी मूठ पोलादी चौकटीवर बसवून दोन्ही एकत्र घासायच्या, इतक्या की लाकूड कुठे संपले आणि पोलाद कुठे सुरू झाले हे बोटाला कळू नये. अशी मूठ त्या एका चौकटीलाच बसते, दुसरीला नाही. म्हणून लाकडाच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने चौकटीचा नंबर लिहायचा.

त्या सांध्याच्या तपासणीला यंत्र नव्हते. माझे उजव्या अंगठ्याचे नख होते. सांध्यावरून ते फिरवायचे. अडले नाही तर चौकटीवर माझा ठसा, अडले तर माल परत. दर सोमवारी मी ते नख बारीक दगडावर घासून साफ करायचो. सगळे खाते त्या नखाला घाबरायचे, आणि मला त्याचा गर्व होता.

थोरली मुठी बसवायच्या बाकावर होती. त्या बाकावर बसलेली पहिलीच बाई. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी आज पहिल्यांदा बोलतो आहे, आणि तेही हजेरीला सांगतो आहे, तिला नाही. बापाने पोरीचा माल डोळे झाकून सोडला असे कोणी म्हणू नये, म्हणून इतरांच्या सांध्यावरून मी नख एकदाच, वरून खाली फिरवायचो. तिच्या सांध्यावरून वरून खाली आणि खालून वरही. रीत एकाच बाजूची होती. दुसरी बाजू फक्त तिच्यासाठी होती.

चोवीस वर्षांपूर्वी एका आठवड्यात तिच्या सात मुठी मी परत पाठवल्या. प्रत्येक वेळी खालून वर येताना नख अडले. चौथ्या वेळी ती उठून माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "बाबा, दुसऱ्या कोणाला तरी बघू द्या ना. मला कुठेच लागत नाहीये."

मी म्हणालो, "इथे बाबा कोणी नाही. इथे तपासनीस आहे. जा, कामाला लाग."

सगळे खाते ऐकत होते. आठवड्यात पाच परत आल्या की बाक जातो, असा नियम होता. शनिवारी तिचा बाक गेला आणि तिला खोकी बांधायला बसवले.

त्याच रविवारी बायको लोकर गुंडाळत होती आणि मी लडी धरून समोर बसलो होतो. धागा माझ्या अंगठ्याला अडकला. सोडवला, पुन्हा अडकला. उजेडात धरून पाहिले तर नखाच्या कडेला बारीकशी चीर होती. वरून खाली जाताना ती कळत नव्हती. खालून वर येताना ती कशातही अडकली असती, काचेवरसुद्धा.

सोमवारी लवकर जाऊन मी नख दगडावर घासले आणि परत आलेल्या सातही मुठी काढून पुन्हा तपासल्या. दोन्ही बाजूंनी. कुठेही अडले नाही. सात सांधे, सातही निर्दोष. खातेप्रमुखाच्या दारापर्यंत गेलो. आतून त्यांनी विचारले, "काय हो, काय काम काढलंत?" मी म्हणालो, "काही नाही, सहज." आणि जागेवर येऊन बसलो. एवढ्या वर्षांचे नख चुकले हे मला सांगवले नाही. पोरीचे नुकसान मला चालले, माझी चूक चालली नाही.

बुधवारी तिने राजीनामा दिला. दुसऱ्या गावी जाऊन ती दातांच्या कवळ्या करायला शिकली. घरी पत्रे आईच्या नावे यायची. बायको जाण्याच्या तीन दिवस आधी मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? तिला सांगा." त्याला अकरा वर्षे झाली. अंत्ययात्रेला थोरली आली होती, दारातूनच परत गेली. मी तेव्हाही बोललो नाही.

तीन वर्षांपूर्वी धाकट्याने माझ्यासाठी कवळी करून आणली. कोणाकडून ते सांगितले नाही. कवळी बसवली आणि जीभ फिरवून पाहिली, या बाजूने आणि त्या बाजूनेही. कुठे अडली नाही. मग डबी उघडली. झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहिले होते, ४१७. तो परत पाठवलेल्या सातव्या मुठीचा नंबर होता. अक्षर तिचे होते. त्या दिवशी मी जेवलो नाही. सूनबाईला वाटले, कवळी टोचते.

म्हणून लिहवतो. चौकट नंबर ४१७, नळी आणि मुठीसकट, माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. निवृत्तीच्या वेळी मी ती मागून घेतली. नळीत पोलादी खुंटी ठोकून कारखान्याने ती कायमची बंद केली आहे, तसा दाखला सोबत आहे. तिच्यावर तपासनिसाचा ठसा नाही. ठसा उठवायचा पंच त्याच खोक्यात आहे. निवृत्त होताना तो हरवला असे मी सांगितले होते, ते खोटे होते. दोन्ही वस्तू थोरलीच्या. तिने सांध्यावरून आपले नख फिरवावे आणि वाटले तर ठसा स्वतः मारावा. मी मारला असता, पण चोवीस वर्षांपूर्वी तो हक्क मी घालवला.

पोरी, तुझ्या कामात खोट नव्हती. माझ्यात होती.

कवळी मला जाळताना काढू नये.

हजेरी म्हणतो, मृत्युपत्र मेल्यानंतर वाचतात. मग हे चौथे कलम त्याने वेगळ्या कागदावर उतरवावे आणि धाकट्याने आजच टपालात टाकावे. तिने यावेच असे काही नाही. आली तर सूनबाईने दार लावलेले ठेवू नये.

वाचून दाखवले, बरोबर आहे. सहीऐवजी अंगठा देत आहे. हजेरी म्हणतो, पुरुषाचा डावा अंगठा घेतात. मी उजवाच दिला आहे.

ठिकाण : घरी, खिडकीजवळची खाट. दिनांक ९ मार्च, गुरुवार, सकाळी साडेदहा.

साक्षीदार एक : डॉक्टर. लिहून देणार शुद्धीवर आहेत. सही.

साक्षीदार दोन : आरसा, निवृत्त पॉलिशवाला. सही. अंगठा उमटवण्याआधी त्यांनी मला नख तपासायला लावले. मी दोन्ही बाजूंनी पाहिले.